मच्छिंद्रची रजा

मच्छिंद्र गेल्याचा फोन माझ्याकडे आला, त्याच्या घरी नाही. तुरुंगातल्या त्याच्या रजेच्या कागदांवर जामीनदार म्हणून माझं नाव होतं, माझा नंबर होता. सकाळी मी तामलवाडीच्या स्टँडवर धाराशिवच्या एसटीची वाट बघत उभा होतो. पलीकडच्यानं आधी कैदी क्रमांक सांगितला, मग नाव, आणि मग विचारलं, "काल दुपारी दवाखान्यात मयत झाले. बॉडी घ्यायला कधी येताय?" मी म्हणालो, "त्याचा रजेचा अर्ज होता ना..." "अर्जाचं मला माहीत नाही, काका," तो म्हणाला. आवाज तरुण होता, वाईट नव्हता. तेवढ्यात एसटी आली आणि गेलीही. मी गावाकडं चालत निघालो. मच्छिंद्रच्या बायकोला, सुमनवहिनीला, हे सांगायला जितका उशीर होईल तितका मला हवा होता.

मच्छिंद्र आणि मी सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढं तो शेतीत गेला, मी गावच्या पोस्टात लागलो. त्याचा हात यंत्राला फार चांगला. कुणाच्या विहिरीवरची मोटार बंद पडली की लोक आधी त्याला हाक मारायचे. राग मात्र नाकावर. एका उन्हाळ्यात सामाईक विहिरीच्या पाळीवरून त्याचं आणि चुलतभाऊ भीमरावाचं भांडण झालं. भांडण रोजचंच होतं, त्या दिवशी हातात फावडं होतं. भीमराव सोलापूरला नेताना वाटेतच गेला. मच्छिंद्र पळाला नाही. पोलीस येईपर्यंत विहिरीच्या काठावर बसून होता. "म्या मारलं," एवढंच तो बोलला, आणि वकिलानं परोपरीनं समजावूनही ते शब्द त्यानं कोर्टात फिरवले नाहीत. जन्मठेप झाली. मला त्या शिक्षेबद्दल तक्रार नाही, त्यालाही नव्हती. भीमराव माझाही मित्र होता, हे इथं लिहिलं पाहिजे.

पाचव्या वर्षी त्याला पहिली रजा मिळाली, दोन आठवड्यांची. रोज ठाण्यात हजेरी लावून तो घरी यायचा आणि अंगणात म्हाताऱ्या आईजवळ बसायचा. भीमरावाच्या दारावरून जायला लागू नये म्हणून ओढ्याच्या अंगानं लांबचा वळसा घालायचा. रजा संपायच्या एक दिवस आधीच तो परत गेला. मी म्हणालो, "अरे, उद्यापर्यंत आहे की." तर म्हणाला, "एसटी चुकली तर? मग परत कोण सोडंल मला?" मला तेव्हा वाटलं होतं, इतक्या नेमानं वागणाऱ्याला पुढची रजा मागावीसुद्धा लागणार नाही.

पुढची रजा त्याला कधीच मिळाली नाही. अर्ज तुरुंगातून निघायचा, चौकशीला ठाण्यात यायचा, तिथून अहवाल वर जायचा आणि काही महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर यायचं: मयताच्या नातेवाइकांची हरकत असून कैदी गावात आल्यास शांततेला बाधा पोहोचण्याची शक्यता आहे. आई अंथरुणाला खिळली तेव्हा हेच उत्तर आलं. आई गेली तेव्हा बंदोबस्तात आणायला माणसं नाहीत म्हणून कळवलं. मुलीच्या लग्नाला मात्र मंजुरी मिळाली. ते पत्र माझ्याच हातात पडलं. लग्न होऊन पाच दिवस झाले होते. मांडवाच्या मेढी अजून उपटायच्या होत्या. मी पत्र घेऊन गेलो तेव्हा वहिनी वाकळ शिवत होती. तिनं विचारलं, "काय म्हणत्यात भावजी?" मी म्हणालो, "हो म्हणतायत." ती हसली. ते हसणं मला अजून सहन होत नाही.

मग एक दिवस भीमरावाची बायको, कलावतीबाई, पोस्टात आली. सात-आठ वर्षांत ती माझ्याशी मच्छिंद्रबद्दल एक शब्द बोलली नव्हती. काउंटरसमोर उभं राहून म्हणाली, "मास्तर, माझी हरकत हाय असं कुणी लिवलं?" कुणीतरी तिला सांगितलं होतं. मी तिला कागद वाचून दाखवला. "मला कुणी इचारलंच न्हाय," ती म्हणाली. "पयल्या साली इचारलं, तवा म्या न्हाय म्हणले व्हते. तवा माझ्या कपाळाचं कुंकू नुकतं गेलेलं. त्याला लई वर्सं झाली की." मी विचारलं, "आता तुमचं म्हणणं काय?" ती म्हणाली, "त्यानं माझं घर बुडवलं ते बुडवलं. पर त्याच्या आईला त्याचं तोंड दिसू नये असं म्या कवा म्हणले न्हाय. माझ्या नावानं कुणाचं वंगाळ नगं." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ठाण्यात गेलो. दुपारपर्यंत बाकावर बसलो. तिचा जबाब झाला, तिनं अंगठा दिला. येताना ती माझ्यापासून चार पावलं अंतर ठेवून चालत होती.

पुढचा अर्जही नामंजूर झाला. उत्तरात तीच ओळ होती, शब्दाला शब्द. मी पुन्हा ठाण्यात गेलो. नवीन साहेबांनी फाईल काढली, चाळली. कलावतीबाईचा जबाब त्यात लावलेला होता, वरचा अहवाल मात्र मागच्या वर्षीचा होता, फक्त तारीख बदललेली. साहेब म्हणाले, "गेलेला अहवाल आता परत येत नाही. पुढच्या वेळी बघू." ते खोटं बोलत नव्हते. पुढच्या वेळी त्यांची बदली झाली होती.

शेवटची भेट दोन वर्षांपूर्वीची. जाळीपलीकडं मच्छिंद्र एका बाजूनं वाकला होता. कलावतीबाईच्या जबाबाची हकीकत मी त्याला समोरासमोर सांगितली. "ती ठाण्यात गेली?" त्यानं दोनदा विचारलं. मग म्हणाला, "आता अर्ज नगं करायला. ती ये म्हणली, एवढं बास झालं." त्यानंतर त्यानं अर्ज केला नाही. छातीचं दुखणं वाढल्यावर वहिनीनं निरोपावर निरोप धाडले तेव्हा एक केला. तो अर्ज चौकशीला आलाच नव्हता. कुठं होता, ते आजही कुणाला सांगता आलेलं नाही.

मृतदेह मिळायला माझी एक सही पुरली. ना अहवाल, ना हजेरी, ना शांततेचा प्रश्न. गाडी गावात शिरली तेव्हा कलावतीबाई तिच्या दारात उभी होती. या वेळी ओढ्याच्या अंगानं वळसा घालायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. गाडी तिच्या दारावरूनच गेली. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती आत गेली नाही.

तुळजापूरच्या एका वकिलांना मी विचारलं, यात काय बदलता येईल? अर्जाला मुदत असावी, हरकत घेणाऱ्याला दर वेळी नव्यानं विचारावं, नकाराचं कारण कैद्यालाही खोडता यावं... मी बोलत होतो, ते मान हलवत होते. "नियम बरेचसे आहेत, मास्तर," ते म्हणाले. "वाचणारा पाहिजे." मी उठलो. पस्तीस वर्षं मी कागद इकडून तिकडं पोचवले. वेळेवर पोचलेला कागद माणसाच्या कामी येतो, यावर माझा विश्वास होता. आता तो राहिलेला नाही.

तुरुंगातून आलेल्या गाठोड्यात दोन सदरे, चष्मा आणि घडी घालून मऊ पडलेला एक मोठा कागद निघाला. कागदावर पेन्सिलीनं गाव काढलेलं होतं. प्रत्येक पत्रात तो बारीकसारीक विचारायचा, कुणाच्या घरावर स्लॅब पडला, कुठलं लिंबाचं झाड तोडलं, नवा रस्ता कुठून वळला. मी कंटाळून, पण लिहायचो. ते सगळं त्यात होतं. त्यानं न पाहिलेली पाण्याची टाकी होती, शाळेची नवी खोली होती. विहिरीच्या गोलाशेजारी 'भीमदादा' असं लिहिलं होतं.

सुमनवहिनीला वाचता येत नाही. तिनं कागद मांडीवर पसरला आणि बोट ठेवून विचारलं, "हे कुणाचं?" मी म्हणालो, "तुमचंच घर." घरासमोर दावणीची एक आडवी रेघ होती आणि रेघेला दोन बैल बांधलेले, शिंगांसकट, शेपट्यांसकट, मन लावून काढलेले. बैल विकून पाच वर्षं झाली. ते त्याला कळवू नका असं तिनंच मला बजावलं होतं आणि मी कळवलं नव्हतं.

"त्याला ठाऊकच नव्हतं, वहिनी," मी म्हणालो.

तिनं बैलांवरून अंगठा फिरवला. "आसू द्या," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या बांधल्याले."