सोळा जणांचा भात

कॉलेजात मी सरासरी, मध्यक, बहुलक शिकवते. पोरं जांभया देतात. मला मात्र फळ्यावर आकडे लिहिले की आमच्या गावच्या मंडईचा भात आठवतो, आणि बाबांवर नव्यानं राग येतो.

नागभीडकडचं आमचं गाव. दिवाळी झाली की मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री नाटक, आणि घरोघर पाहुणे. लग्नंही तेव्हाच जुळतात. त्या साली ताईला पाहायला मंडळी यायची होती. स्थळ सोन्यासारखं, ताईचं तर आधीच मन बसलेलं. आईचा जीव टांगणीला लागला होता.

बाबा शाळेत गणित शिकवायचे. किती जणांचा भात टाकायचा, हेही ते गणितानंच ठरवणार. मागच्या पाच मंडयांना पाहुणे आले होते वीस, बावीस, वीस, अठरा, आणि एकदा कोणीच नाही. बेरीज ऐंशी, भागिले पाच, सोळा. झालं!

आई म्हणाली, "ते साल काऊन मोजता? तुमची माय गेली होती तवा. सुतकात कोण येते जेवाले?"

शून्य हाही आकडाच असतो, असं बाबांनी तिला समजावलं. एकटं ते शून्य सरासरीला खाली ओढतं. मध्यक काढा, वीस. बहुलक काढा, तोही वीस. हे मी आज पोरांना छातीठोकपणे सांगते. तेव्हा बाबांपुढे बोलायची कोणाची टाप होती?

आले एकवीस. घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं! मुलाकडच्यांनी शेजारीपाजारीही सोबत आणले होते. पुरुषांची पंगत उठली तेव्हा भाताच्या गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, बुडाला लागलेली खरवड तेवढी राहिली होती, आणि बायका जेवायच्याच होत्या. आई चुलीपुढे मटकन बसली. आता नाक कापलं गेलं, पोरीचं जमत आलेलं मोडलं, असंच तिला वाटलं. ताई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

तेवढ्यात मुलाची आई पाणी मागायला आत आली. तिनं गंजात पाहिलं. पदर खोचून खाली बसली, उलथन्यानं खरवड काढली, एक घास स्वतः खाल्ला आणि एक आईच्या हातावर ठेवला.

"ज्या घरी भात पुरत नाई, त्या घरी माणसं येतात, बाई. पोरगी आमाले इथचीच पायजे."

आई हमसून हमसून रडली. मग दोघींनी मिळून दुसरा भात चढवला. बाबा ओसरीवर सुपारी कातरत होते, त्यांना कशाचा पत्ता नव्हता.

आता आई नाही. बाबा थकले, गणितं करत नाहीत. मंडई आली की मला एवढंच म्हणतात, मोठा गंज चढव. मी चढवते. गेल्या मंडईला ताई, जावई आणि ताईची सासू, एवढेच आले. बाकीचे फोन करून मोकळे झाले.

जेवणं झाल्यावर ताईची सासू काठी टेकत चुलीपाशी आली आणि गंजाजवळ बसली.

"खरवड दे वो मले थोडीशी."

मी उलथनं घातलं. वर इतका भात उरला होता की ते बुडाला पोचेना.