बायडाबाईच्या फळीखालच्या पिशव्या

बाँबच्या भीतीने बुधवार पेठेतल्या एका देवळात पिशव्या न्यायला बंदी झाली. देऊळ सुरक्षित झालं. पण पिशव्या जाणार कुठे? समोर हार विकणाऱ्या बायडाबाईच्या फळीखाली! हार घेतला की पिशवी फुकट सांभाळायची, हा तिचा शिरस्ता. गिऱ्हाइकाने जे घेतलं त्यातलंच फूलपान ती पिशवीच्या बंदाला बांधी, म्हणजे ओळख पटे. चाळीसेक अनोळखी पिशव्यांवर बाई दिवसभर खुशाल मांडी घालून बसायची.

"आत काय आहे, बघता तरी का?" असं कोणी विचारलं तर म्हणे, "बगायचं काय? हाराला घासाघीस करतो तो मानूस बाँब ठेवत न्हाई. त्याला अजून जगायचं आसतंय."

मंगळवारी बाराच्या सुमारास मात्र एकाने भाव न करता दूर्वांची जुडी घेतली, खाकी पिशवी ठेवली आणि तो गेला तो गेलाच. दोन वाजले, तीन वाजले. शेजारचा नारळवाला हिंदुराव आधी हसला, मग गुपचूप आपले नारळ पलीकडे सरकवू लागला. बायडाबाईपुढे पेच पडला. पोलिसांना सांगावं तर तीस वर्षांची जागा जाणार. न सांगावं तर समोर दर्शनाच्या रांगेत लेकरं उभी. तिने फळीवरून एकदा हात फिरवला आणि हवालदार सुखदेवला हाक मारली.

शिट्ट्या वाजल्या, रस्ता रिकामा झाला. म्हणजे दोरीपलीकडे दोनशे माणसं मोबाईल उंचावून उभी राहिली. पोलिसांच्या कुत्र्याने पिशवी हुंगली आणि तो पेढ्यांच्या दुकानाकडे बघत बसला. पिशवीत निघाली छत्री, चष्म्याचं घर आणि संपादकांना लिहिलेलं चार पानी पत्र. विषय: सार्वजनिक ठिकाणी बेवारस सामान सोडणाऱ्या नागरिकांची बेपर्वाई.

तेवढ्यात पत्रलेखक हजर झाले. सदाशिव पेठेतले निवृत्त शिक्षक दीनानाथ. दर्शन घेऊन ते तंद्रीत थेट घरी गेले होते.

"इतका वेळ होतात कुठे?" सुखदेव ओरडला.

"एक ते चार मी झोपतो. आपण नाही झोपत?"

सगळे हसले, बायडाबाई सोडून. कारण सुखदेवने तिला दम भरला, "उद्यापासून एक जरी पिशवी ठेवलीत, तर फळीच उचलीन!"

बुधवारी लोक पिशवी पुढे करत, ती मान हलवी, आणि ते हार न घेताच पुढे जात. संध्याकाळी कोमेजलेली फुलं गोळा करताना तिला रडू कोसळलं.

गुरुवारी सुट्टी म्हणून सुखदेव साध्या कपड्यांत बायकोला घेऊन दर्शनाला आला. दारावर त्याचीच पिशवी अडवली गेली. तो इकडेतिकडे बघत फळीपाशी आला.

"मावशी, पाच मिनिटं ठेवता का?"

"आदी उघडून दावा."

त्याने निमूटपणे दाखवली. डबा, पाण्याची बाटली, बायकोची शाल. बायडाबाईने वाकून नीट पाहिलं, पण तिचं समाधान होईना.

"हार घ्या. चाळीसचा हाय."

"चाळीस? काय मावशी, वीसला द्या की!"

बायडाबाईचा जीव भांड्यात पडला. "मंग ठेवा बिनघोर," ती म्हणाली आणि बंदाला झेंडू बांधू लागली.