एकाच मारहाणीचा कागद

कापूस घरात पडून राहायचा त्या वर्षांत मी पांढरकवड्याला तहसीलीसमोर अर्ज लिहून द्यायचो. मला नसत्या चौकशा फार. दोन ओळींच्या अर्जासाठी माणसाच्या सात पिढ्यांची कुंडली विचारायचो.

एका सकाळी दोन म्हातारे आले. एक बौद्ध शेतकरी, दुसरा त्याचा मुसलमान मित्र, फवारणीचे पंप दुरुस्त करणारा मिस्त्री. कापूस खरेदीच्या रांगेत गाडी पुढे घेण्यावरून गावातल्याच चौघांनी दोघांची जात-धर्म काढत काठीनं मारलं होतं. मिस्त्रीची उजव्या हाताची बोटं सुजून टम्म झाली होती. पोलिसांत द्यायची तक्रार माझ्याकडून लिहून हवी होती.

काठी तीच, मारणारे हात तेच. पण शेतकऱ्याला अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागत होता, आणि मिस्त्रीला साधी मारपीट. असं का, हे मी पुढे भेटेल त्या वकिलाला विचारलं. एकाचंही उत्तर मला पटलं नाही.

"मग मलेबी त्याच्याच कागदात घ्या ना," मिस्त्री म्हणाला. "मार तर वाटून खाल्ला आमी."

तसं करता येत होतं. घटना एकच, तक्रार एकच. अ‍ॅट्रॉसिटी लागली की तपासाला मोठा अधिकारी येणार, मग मिस्त्रीची बोटंही त्याला पाहावीच लागणार. मी शेतकऱ्याला जात विचारली.

"बौद्ध लिव्हा."

"तो धर्म झाला. जात लिहिल्याशिवाय कलम टिकत नाही."

मी खोदून विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं. त्याच्या बापानं धम्म घेतल्यापासून त्या घरात जातीचं ते नाव कोणी उच्चारलं नव्हतं. पोरीची स्कॉलरशिप बुडाली, तरी त्यानं ते दाखल्यावर येऊ दिलं नव्हतं. मला राग आला, त्याचा नव्हे, कायद्याचा. जे टाकून हा माणूस ताठ उभा राहिला, तेच उचलून आण म्हणतो.

"नाही लिहिलं तर?" त्यानं विचारलं.

"तर दोघांचीही साधी मारपीट. चौघं संध्याकाळपर्यंत घरी."

तो मित्राच्या बोटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "भाई, तू च्या पिऊन ये."

"काहून? रांगेत थे काय बोलले, मी आयकलं ना सारं."

"त्यायच्या तोंडून आयकलं. माह्या तोंडून नको आयकू."

मिस्त्री उठला. तो रस्ता ओलांडून टपरीत शिरेपर्यंत शेतकरी थांबला. मग त्यानं मला ते नाव सांगितलं.