मनमाडकडे तोंड करून
चिंचोक्याच्या खळीचा वास आला की मला कारागिरांच्या सहकारी संस्थेचं नाशिकमधलं पहिलं प्रदर्शन आठवतं. नव्वदच्या दशकात आम्ही ती संस्था उभी करत होतो, आणि सुरगाण्याकडचे कागदी लगद्याचे, खळीने चिकटवलेले मुखवटे हॉलभर मांडले होते. दुपारपर्यंत काहीच विकलं गेलं नाही, तशी कारागीर मंडळी गाठोडी बांधायला लागली. एक म्हातारे मुखवटेकार चहाला गेले असताना एका गिऱ्हाइकाने त्यांचा कुंकू लावलेला जुना मुखवटा मागितला. तो बोहाड्यात, म्हणजे देवांच्या सोंगांच्या उत्सवात, नाचलेला होता. नाचलेला मुखवटा देवच असतो, तो विकत नाहीत, हे ठाऊक असूनही मी दिला. म्हातारे परतले आणि रिकाम्या जागेकडे बघत राहिले. "बाबा, दुसरा करा की," मी म्हणालो. "करीन सायेब, पन तो कंच्या गावाला गेला? बोहाड्याला तिकडं तोंड करून नारळ फोडीन." मी गाव विचारलंच नव्हतं, आणि सगळे ऐकत होते. "मनमाडला," मी म्हणालो. "जंक्शन हाय, देवाला गाडी लगेच भेटंल," कुणीतरी म्हणालं, सगळे हसले. म्हाताऱ्यांनी तेवढे उगवतीकडे, मनमाडच्या दिशेला, हात जोडले. संस्था उभी राहिली. ते वारल्यावर त्यांचा मुलगा तसाच नारळ फोडू लागला. खरं काय ते आज लिहितोय, कारण गेल्या बोहाड्याला त्याने नारळ माझ्या हातात दिला. "देव तुमच्याच हातून गेला सायेब, तुम्हीच फोडा." मी मनमाडकडे वळलो आणि फोडला.