गाऱ्हाण्यात गेलेलं मत

महापालिकेची निवडणूक आली की आमच्या लालबागच्या चाळीत हळदीकुंकवाला ऊत येतो, संक्रांत असो नसो. या खेपेला एका पक्षाकडून वाण म्हणून साडी होती. साडी चांगली होती, मी घेतली.

मग पक्षाच्या कार्यकर्त्याने चाळीतल्या देवीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं सुरू केलं. आम्ही सगळ्या मालवणकडच्या. एकाने देवाकडे मागायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही तोंडाला लहानपणापासूनची सवय.

"बा देवा म्हाराजा, पोराबाळांक सुखी ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

"काय वाकडानडा आसात तर दूर कर!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकीसुनांनी आमच्याच उमेदवाराक मत देवचा ठरवलेला आसा, तां पुरा करून घे!"

"व्हय म्हाराजा!"

शेजारीण माझ्या कानाशी आली. "गो, आपण ह्या काय बोललो?"

"गाढवपणा," मी म्हटलं.

मला मत द्यायचं होतं चाळीत बालवाडी चालवणाऱ्या बाईला. ती अपक्ष उभी होती. पण देवीपुढे शब्द गेलेला, आणि घरात सून सात महिन्यांची पोटुशी. मोडला शब्द आणि पोराला काही झालं तर? माणसांना मी भीत नाही, देवीला भिते.

खोताच्या वाडीत एका म्हाताऱ्या फादरांकडे मी रोज स्वयंपाक करायला जाते. त्यांनी जन्मभर पाद्री होणाऱ्या पोरांना धर्मशास्त्र आणि ग्रीकांचं तत्त्वज्ञान शिकवलं. आता कुणी उरलं नाही म्हणून मला शिकवतात. मी चौथी पास. बांगडे साफ करता करता ऐकते.

त्यांना हे सांगितलं तर आधी पोट धरून हसले. मग खुर्ची ओढून स्वयंपाकघरातच बसले.

"मावशी, शपथ मनाने घ्यावी लागते. नुसती जीभ वळली म्हणून माणूस बांधला जात नाही. आणि चुकीचं काम करायची शपथ पाळली, तर ती दुसरी चूक."

"म्हणजे मी सुटले?"

"जिभेपुरत्या. साडी मात्र तुम्ही मनापासून घेतलीत."

हे झोंबलं, कारण खरं होतं.

"जुने ग्रीक म्हणायचे, माणसाने घरात चांगलं असून भागत नाही. गावाचा कारभार नीट चालावा हेही त्याचंच काम."

"ते कारभाऱ्यांना सांगा. आणि देवी कोपली तर?"

"देवाची कृपा साडी देऊन मिळत नाही, मत बदललं म्हणून जातही नाही."

"ते तुमच्या देवाचं. आमची कडक आहे."

मी ठरवलं, गाऱ्हाण्याने अडकलेलं गाऱ्हाण्यानेच सोडवायचं. पण "व्हय म्हाराजा" म्हणायला दुसरं माणूस लागतं, आणि चाळीतल्या बायका घाबरलेल्या. मी फादरांना म्हटलं, "तुम्ही म्हणा."

"मी देवीला?"

"मी म्हाराजा म्हणते. ते कुठल्याही देवाला चालतं."

"आधी काय मागणार ते सगळं सांगा. मला तुमच्यासारखं फसायचं नाही."

सांगितलं: चुकून गेलेला शब्द परत दे, साडी मी परत करते, सुनेला सांभाळ. फादरांनी विचार केला, हरकत नाही म्हणाले, आणि माशाचे हात धुऊन मी गाऱ्हाणं घातलं. त्यांनी तिन्ही वेळा "होय महाराजा" असं पुस्तकी म्हटलं, पण मोठ्याने म्हटलं.

संध्याकाळी साडी परत द्यायला गेले. कार्यकर्ता म्हणाला, "काकी, वाण कोण परत देता?"

"वाण नाय तां. लाच."

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मतदानाच्या दिवशी बालवाडीच्या बाईपुढचं बटण दाबलं. दाबताना देवीचं नाव घेतलं, खोटं कशाला बोलू. बाई सपाटून पडली.

दीड महिन्याने सुनेला मुलगी झाली, धडधाकट. पेढे घेऊन फादरांकडे गेले. त्यांनी एक तोंडात टाकला आणि बजावलं, "हे तुमच्या मताचं बक्षीस नव्हे हं, मावशी."

"मग कशाचं?"

"कशाचंच नाही. कृपा अशीच असते. न कमावता, फुकट मिळते."

"फुकट?" मी म्हटलं. "नऊ महिने ओझं वाहिलं माझ्या सुनेने. तिच्यासमोर हे बोलू नका, तुमच्यापुढचे पेढे हिसकावून घेईल."