मनमिळाऊ नसलेली माणसं

देवाच्या वतीने वर्तमानपत्राच्या कचेरीत नेमाने हेलपाटे घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाकीचे लोक येत ते स्वतःच्या वतीने. कुणाचा सत्कार असे, कुणाची सोसायटीच्या उपाध्यक्षपदी निवड झालेली असे, कुणाच्या पुतण्याला बारावीत बरे गुण पडलेले असत. या माणसाला, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणत असू, यातलं काही नको असे. ते येत ते गेलेल्या माणसांसाठी. शहराच्या पानावर तळाशी 'निधन' असा एक छोटा रकाना असतो. वाचक सकाळच्या चहाबरोबर सगळ्यात आधी तोच वाचतात आणि ते कबूल करत नाहीत. हा रकाना बरीच वर्षं माझ्याकडे होता. काका चित्रकलेचे निवृत्त शिक्षक आणि कसबा पेठेतल्या एका जुन्या मराठी चर्चचे पंच, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, त्यांच्या शब्दांत मंडळीचा, कारभार पाहणाऱ्या समितीवरचे सगळ्यात ज्येष्ठ सदस्य. मंडळीत कुणी वारलं की दफन आटोपून ते थेट आमच्या कचेरीत येत. चपलांना माती, खांद्याला कापडी पिशवी, अंगात इस्त्रीचा बुशशर्ट. दारातूनच "सलाम साहेब" म्हणत आणि माझ्यासमोरची खुर्ची ओढून, तिकीट काढून रेल्वेत बसलेल्या माणसाच्या निश्चिंतीने बसत.

आता अशा बातम्या मोबाइलवर येतात. दुःखद म्हणून आलेला मजकूर, हात जोडलेली चिन्हं, खाली पत्ता. काकांना मी एकदा म्हटलं, तुम्हीही पाठवत जा, उन्हाची पायपीट कशाला. ते म्हणाले, "मरणाचा निरोप फॉरवर्ड करायचा नसतो साहेब. जाऊन सांगायचा असतो." फोटोच्या बाबतीतही त्यांचे नियम होते. आधारकार्डावरचा फोटो ते कधीही आणत नसत. "त्यात माणूस आधीच गेलेला दिसतो," असं त्यांचं मत होतं. मग ते घरोघर जाऊन लग्नाचे, सहलीचे, नाताळच्या जेवणाचे फोटो गोळा करत आणि त्यातून हवा तो चेहरा कापून आणत. त्यामुळे आमच्या रकान्यात बाकी सगळे मृत गंभीर असत आणि काकांचा माणूस मात्र हसत असे, कधी घास तोंडात असलेला, कधी शेजाऱ्याचा कान त्याच्या खांद्यावर राहून गेलेला.

पण त्यांचं खरं भांडण एका शब्दाशी होतं. निधनाच्या बातमीला एक साचा असतो. अमुक यांचे निधन झाले, ते मनमिळाऊ स्वभावाचे म्हणून परिचित होते, त्यांच्या मागे पत्नी, मुले, नातवंडे असा परिवार आहे. पुणे शहरात आजवर वारलेला प्रत्येक माणूस या साच्याने मनमिळाऊ ठरलेला आहे. काकांना हा शब्द खपत नसे. "देवाने काय फक्त मनमिळाऊच बोलावलेत का?" ते विचारत. एका बाईंची बातमी आणली तेव्हा म्हणाले, "ही बाई मनमिळाऊ नव्हती. मंडळीतल्या प्रत्येकाशी एकदा तरी भांडली आहे. माझ्याशी दोनदा. पण तिच्या करंजीत सारण शेवटच्या घासापर्यंत असायचं. ते लिहा." मी सांगितलं, काका, करंजीचं सारण बातमीत बसत नाही. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाले, "एक बाई होती, आता नाही, आणि तशी पुन्हा व्हायची नाही. तुमच्या धंद्यात याहून मोठी बातमी कोणती असते?" सारण छापून आलं. वृत्तसंपादकांनी मला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं, ते रागावण्यासाठी असेल असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "या बाईंची मुलगी ऑर्डर घेते का हो?"

एका बुजुर्ग ड्रायव्हरबद्दल त्यांनी लिहवून घेतलं की त्यांनी कधीही खड्डा चुकवला नाही, पण प्रत्येक खड्ड्यानंतर मागे वळून "लागलं का?" असं विचारलं. हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीत काम करणारा तरुण गेला तेव्हा त्याचं पद, पगार, परदेशवारी हे सगळं काकांनी खोडलं आणि लिहिलं की त्याचा आवाज बेसूर होता व तो तरीही गात असे. तरुणाच्या वडिलांनी फोन केला. मला वाटलं, तक्रार. ते फक्त "बरोबर आहे" म्हणाले आणि फोन ठेवला. चर्चचं आवार झाडणारी एक म्हातारी वारली, तिला कुणीच नव्हतं. साच्यातली 'असा परिवार आहे' ही ओळ कशी पुरी करायची, हा प्रश्न आला. काका म्हणाले, "लिहा, त्यांच्या मागे मंडळी आहे." वृत्तसंपादक म्हणाले, "अहो, मंडळी म्हणजे लोक बायको समजतील. बाईंच्या मागे बायको कशी?" काकांनी शांतपणे उत्तर दिलं, "समजू देत. कुणीतरी आहे, एवढं समजलं तरी पुरे."

हे सगळं ते हट्टाने करत नसत, श्रद्धेने करत. त्यांचा धर्म त्यांनी मला कधी समजावून सांगितला नाही, पण तो त्यांच्या बोलण्यातून आपोआप सांडत असे. त्यांच्या हिशेबी देव माणूस निवडतो तो गुण पाहून नव्हे. "ही बोर्डाची मेरिट लिस्ट नाही साहेब. तो आधी निवडतो. किंमत त्यानंतर येते, त्याने निवडलं म्हणून येते." शाळेतही त्यांनी चित्रकलेत कुणाला नापास केलं नव्हतं. एका विद्यार्थ्याच्या वेड्यावाकड्या घोड्याखाली त्यांनी शेरा लिहिला होता की रेघ तुटली आहे, पण तिला कुठे जायचं होतं ते कळतं. नाताळात येशूजन्माची नाटिका ते बसवत, तेव्हा आलेल्या प्रत्येक मुलाला त्यात काम मिळे. परिणामी त्यांच्या बेथलेहेमात मेंढरांपेक्षा मेंढपाळ जास्त असत आणि धर्मशाळेच्या मालकाला भाऊ, मेहुणा व एक हिशेबनीस असे. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, एकदा म्हणाले, "काका, शास्त्रात हिशेबनीस नाही." काका म्हणाले, "शास्त्रात नसेल. धर्मशाळेत असणारच."

त्यांना एक मुलगा होता, हे मला त्यांच्याकडून कळलं नाही. आमचा हडपसरचा वार्ताहर एकदा सहज बोलून गेला. मुलगा दारू पीत असे. मार्केट यार्डातून भाजी वाहणारा टेम्पो चालवी, हडपसरला एका खोलीत एकटा राही. फार पूर्वी त्याने चर्चमधला माइक आणि भोंगा नेऊन विकला होता. त्यावर पंचांची सभा बसली आणि त्याला मंडळीतून वगळण्यात आलं. म्हणजे प्रभुभोजनातली भाकर आणि द्राक्षरस बंद, नाव पटावरून कमी. काकांच्या पत्नी त्याआधीच गेलेल्या होत्या. मी काकांकडे हा विषय कधी काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही.

गेल्या उन्हाळ्यात, ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासाच्या दिवसांत, काका दुपारी आले. चपलांना माती होती. "सलाम साहेब" म्हणाले आणि बसले. पिशवीतून फोटो निघाला नाही. मी कागद पुढे ओढून विचारलं, "कोण गेलं?"

"आमचा मुलगा."

मी उठायला लागलो, तर त्यांनी हातानेच बसा म्हणून खूण केली. यकृत गेलं होतं, सकाळी दफन झालं, पाळकसाहेबांनी आढेवेढे न घेता केलं, हे त्यांनी क्रमाने सांगितलं. मी नाव लिहिलं, वय लिहिलं, व्यवसाय लिहिला. मग आमच्यात नेहमी होई तसा मी थांबलो. पुढची ओळ त्यांची असे.

काका माझ्या टेबलावरच्या काचेकडे बघत होते. तसंच बघत म्हणाले, "मनमिळाऊ लिहा."

मी पेन खाली ठेवलं.

"लिहा ना. सगळ्यांचं लिहिता."

"तुमच्या माणसांचं नाही लिहीत, काका."

"मग काय लिहू?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला त्याचं काही सापडत नाही साहेब. आठवतं ते सगळं लहानपणचं. पावसात भिजला, पतंग कापला, ते कुणाच्याही पोराचं असतं. मोठा झालेला तो मला माहीतच नाही. करंजीवाल्या बाईचं मला सापडलं आणि याचं नाही." मग म्हणाले, "सभेत ठराव आला तेव्हा पहिला हात माझा वर गेला होता. बापाने आधी केला तर इतरांना अवघड जाणार नाही, असं वाटलं. देव कुणाला सोडत नाही, हे मी लोकांच्या मयतीत सांगत आलो. आणि माझं सांगायची वेळ आली तर हातात नुसतं वय आणि व्यवसाय."

माहिती कमी पडली की आमच्या धंद्यात एकच गोष्ट करतात, दुसऱ्या कुणाला तरी विचारतात. मी विचारलं, दफनाला त्याच्या ओळखीचं कुणी होतं का? काका म्हणाले, टेम्पोवाले आले होते चार-सहा जण. दफनभूमीत चपला घालून जायचं असतं की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून फाटकाशी काढून भर उन्हात अनवाणी उभे राहिले. काकांनी घाला म्हटलं तरी घालेनात. त्यातल्या एकाने काही लागलं तर कळवा म्हणून नंबर दिला होता. तो काकांनी खिशातून काढला. मी फोन लावला आणि त्यांनाही ऐकू यावं म्हणून आवाज बाहेर सोडला. मी कोण, कशासाठी विचारतोय, काका इथेच बसलेत, हे सगळं सांगितलं.

"काय सांगायचं साहेब," पलीकडचा माणूस म्हणाला. मागे मार्केटचा गलका होता. "पीत व्हता, खोटं कशाला बोलायचं. पर पिऊन गाडीला हात लावला नाय कधी. चावी माझ्याकडं टाकायचा. आन रविवारी पीत नव्हता."

"रविवारी का नाही?"

"रविवारी त्याचं येगळंच आसायचं. सकाळी गाडी धुवायची, पांढरा शर्ट घालायचा, आन कसब्यात जाऊन गाडी लावायची. भाडं नाय, काय नाय. आमी चिडवायचो, काय रं, पोरगी बगायला चाललास का. एकदा मी गेलो संगं. तुमचं चर्च हाय ना, त्याच्या अलीकडच्या वळणावर गाडी लावली आन बसला आतच. गाणी ऐकू येत हुती, ह्यो हळूहळू म्हनायचा संगं. मी म्हनलं जा की आत. तर म्हनला, आपलं नाव नाय तिथं."

काकांनी दोन्ही हात टेबलाच्या काचेवर ठेवले.

"मग लोक भायेर आले," तो माणूस सांगत होता. "तर ह्यो मान खाली करून बगत बसला. ह्ये बाबा दिसले, तसा म्हनला, हां, चला, नीट हाय म्हातारा. आन गाडी काढली. आजारी पडस्तोवर चुकला नाय येक रविवार."

मी आभार मानले आणि फोन बंद केला. शेजारच्या टेबलावरची मुलगी टंकायची थांबली होती. काकांनी चष्मा काढला, बुशशर्टाच्या टोकाने पुसला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"दर रविवारी मी आत बसून एकच मागत होतो," ते म्हणाले. "देवा, त्याला घेऊन ये. इतकी वर्षं मागितलं. आणि देव त्याला घेऊन येत होता साहेब. वळणापर्यंत आणून ठेवत होता. पुढचं काम माझं होतं."

त्यांनी मला मजकूर सांगितला. नाव, वय, टेम्पोचालक होते, आणि मग, ते दर रविवारी येत असत. वृत्तसंपादकांनी पान बघताना त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "कुठे येत असत? वाक्य अर्धं आहे." मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि राहू दिलं. फोटोच्या जागी काही नव्हतं, त्यामुळे त्या दिवशी रकान्यात एक चौकोन मोकळा गेला.

तो रकाना आता माझ्याकडे नाही. काका अजूनही येतात असं ऐकतो, पण कमी. मागच्या महिन्यात एका रविवारी कामानिमित्त मी कसब्यातून चाललो होतो, चर्चमधून गाण्यांचा आवाज येत होता. काका बाहेर होते. चर्चच्या अलीकडच्या वळणावर, उन्हात, उभ्या असलेल्या गाड्यांमधून हळूहळू चालत होते. प्रत्येक गाडीच्या काचेजवळ वाकून आत बघत. एका रिक्षावाल्याने त्यांना वाहतूक पोलिस समजून घाईघाईने रिक्षा पुढे घेतली. पुढे एका कॅबमध्ये ड्रायव्हर सीट मागे पाडून पडला होता. काकांनी काचेवर बोट वाजवलं. तो दचकून उठला, काच खाली केली आणि म्हणाला, "काढतो काका, काढतो, दोनच मिनिटं."

"काढू नका," काका म्हणाले. "आत यायचंय का विचारतोय."

त्याला काही कळलं नाही. "मी पॅसेंजरची वाट बघतोय," तो म्हणाला.

"असू दे. बसा निवांत," काका म्हणाले, आणि पुढच्या गाडीकडे गेले.