उंटाच्या कुशीतले झाकण

कुंभकोणमहून साक्कोट्टैकडे जाताना वाटेत एक गोशाळा आहे. तिच्या विश्वस्तांत मी वयाने वडील. कत्तलीसाठी निघालेल्या ट्रकमधून सोडवलेले दोन उंट तेथे आणले, तेव्हा त्यांना पाहण्यास गाव लोटले. गाईला अगत्तीचा, म्हणजे हदग्याचा, पाला घालणे हे आमच्याकडे पुण्यकर्म. भाविकांनी तोच पाला उंटांनाही घातला. वर केळी आणि गूळभात. पाहुण्यास गोड द्यावे, एवढेच आम्हांस ठाऊक. एक उंट दगावला. दुसरा खंगत चालला, उठवल्याशिवाय उठेना.

माझी नात पशुवैद्य. ती म्हणाली, "अण्णा, याच्या डाव्या कुशीला भोक पाडून झाकण बसवायचंय. आत काय पचतं, काय नासतं, ते हात घालून पाहता येईल. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय बाकीचे मान हलवणार नाहीत."

"जिवंत प्राण्याच्या पोटाला दार?"

"तुमच्या डोळ्यात भिंग बसवलं, तेव्हा नाही विचारलंत हे!"

"ते माझ्या भल्यासाठी होते."

"मग हे काय माझ्या भल्यासाठी आहे?"

देवाच्या रथासाठी वृक्ष तोडण्यापूर्वी त्याची क्षमा मागण्याची रीत आहे. तशी क्षमा मी उंटाची मागेन, या अटीवर संमती दिली.

"मागा," ती म्हणाली, "पण थोडक्यात. भूल उतरायची."

बसलेल्या उंटाचे पाय बांधले होते. माझी क्षमा मागून झाल्यावर तिने कातडी छेदली, स्नायू बाजूस सारले, जठराची फिकट भिंत ओढून कातडीच्या कडेला शिवली आणि मगच तिला छेद देऊन रबरी झाकण बसवले. उंट मधूनच हुंकारे. माझे हात जोडलेलेच राहिले.

जखम भरल्यावर तिने मला हातमोजा दिला. झाकण उघडताच आंबूस वाफ आली. जठराग्नी हा शब्द मी पाठशाळेत आयुष्यभर शिकवला. त्याची ऊब हाताला प्रथमच लागली. आत सारे संथ लाटेसारखे हलत होते. ती निरनिराळा पाला जाळीच्या पिशव्यांत भरून आत सोडी, काढून पाही, रसही तपाशी. गूळभात खाल्ल्यावर तो फार आंबट होई, बाभळीच्या पाल्यावर निवे.

तेव्हापासून भाविकांच्या गर्दीच्या दिवशी, शुक्रवारी, गोड अडवण्यास मी फाटकाशी उभा राहू लागलो. एका बाईंच्या हाती गूळभाताचे पातेले होते. त्याऐवजी बाभळीचा पाला आणा, असे मी त्यांना सांगितले.

"काटे कुणी वाढतं का, स्वामी?"

"यालाच वाढतात, अम्मा."

"आणि माझा भात?"

"तो मला चालेल."

त्या हसल्या नाहीत. पुढच्या शुक्रवारी मात्र केळीच्या पानात गुंडाळलेली बाभळीची फांदी घेऊन आल्या, बोटे ओरबाडलेली. उंट बसला होता. फांदी पाहून तो कुणी न उठवता पुढचे गुडघे टेकून उठला आणि काट्यांमधून एकेक पान ओठांनी वेचू लागला. नात झाकण उघडण्यास निघाली होती. मी तिला म्हणालो, "थोडे थांब. आधी खाऊ दे."